तारांकित प्रश्नोत्तरांची यादी : आपल्या भागाविषयी मंत्र्यांचे उत्तर शोधण्याचे आणि तपासण्याचे साधन

महाराष्ट्र विधानमंडळाच्या अधिवेशनात बैठकीच्या दिवशी तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नोत्तरांची यादी निघते. वर आमदारांचा लेखी प्रश्न, खाली मंत्र्यांचे लेखी उत्तर, असा तिचा साचा. यादी मराठीत असते आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळते. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात किती पदे रिक्त आहेत, कालव्याचे काम कोणत्या किलोमीटरला अडले आहे, आश्रमशाळेच्या इमारतीला मान्यता मिळाली का, याविषयी सरकार स्वतःच्या जबाबदारीवर जे सांगते ते इथे छापलेले असते. वर्तमानपत्रातली बातमी त्यातल्या दोन ओळी उचलते. कामाची माहिती बहुधा उरलेल्या ओळींत असते.

ही सेवा आम्ही एकाच कसोटीवर तपासली आहे : विदर्भ, मराठवाडा, कोकण, खानदेश किंवा कुठल्याही मागे राहिलेल्या तालुक्यातल्या माणसाला आपल्या भागाचा हिशेब इथून मांडता येतो का? मजकुराच्या बाबतीत उत्तर ठामपणे होकारार्थी आहे. शोधण्याची सोय मात्र कमी पडते आणि पाठपुरावा बराचसा वाचकालाच करावा लागतो.

या यादीचे मोल वाढण्यामागे एक कारण आहे. प्रादेशिक असमतोल मोजायची राज्यात मोठी परंपरा आहे. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरून अनुशेष, म्हणजे विकासातली साचलेली तूट, काढला. १९८४ च्या अहवालात तो ३,१८६.७८ कोटी रुपये होता. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे आली. त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, तो डिसेंबर २०१४ मध्ये सभागृहात मांडला गेला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मधल्या काळात प्रदेशवार आकडा सरकारकडून लेखी काढून घेण्याचे जे थोडे मार्ग उरले, त्यांत आमदाराचा प्रश्न हा सर्वांत खात्रीचा. मंत्र्याने सभागृहात चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो, त्यामुळे विभाग उत्तर लिहिताना पत्रकार परिषदेपेक्षा कितीतरी जास्त जपून लिहितो.

यादी हातात घेतल्यावर आधी मथळा पाहावा. कोणते अधिवेशन, कोणता दिवस, कोणत्या मंत्र्यांचे कोणते विभाग आणि एकूण प्रश्न किती, हे पहिल्याच पानावर असते. विभागांना दिवस ठरवून दिलेले असतात. त्यामुळे आरोग्याचा प्रश्न शोधताना सगळ्या याद्या उघडायची गरज नाही; दोन-तीन याद्यांचे मथळे पाहिले की आरोग्य विभागाचा वार कळतो आणि त्या अधिवेशनातल्या तेवढ्याच याद्या उतरवून घेता येतात. प्रत्येक प्रश्नाला विषयाचे ठळक शीर्षक, तारांकन, क्रमांक आणि विचारणाऱ्या सदस्यांची नावे असतात. विधानसभेच्या यादीत नावापुढे कंसात मतदारसंघ असतो. हा मतदारसंघ शोधाला फार उपयोगी पडतो, कारण शीर्षकात गावाचे नाव असेलच असे नाही.

शोधताना सर्वांत जास्त अडचण नावांची होते. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी बदलली, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाच-सात वर्षांचा माग काढायचा तर दोन्ही नावांनी शोधावे लागते. तालुक्यांची नावे वेगवेगळ्या लेखनाने येतात, जोडाक्षरे तुटलेली असतात, जुन्या फाईली स्कॅन केलेल्या असतील तर अक्षरशोध चालतच नाही. अशा वेळी यादी छापील पुस्तकासारखी चाळावी : शीर्षके वाचत जावे आणि प्रश्नाच्या पहिल्या उपभागातले ‘जि.’ आणि ‘ता.’ एवढेच पाहत जावे. पन्नासेक प्रश्नांची यादी या पद्धतीने दहा-पंधरा मिनिटांत संपते. सापडलेला प्रश्न लगेच स्वतःच्या तक्त्यात नोंदवावा : सभागृह, अधिवेशन, दिनांक, प्रश्न क्रमांक, विभाग, जिल्हा, उत्तरातले आकडे, उत्तरातली मुदत. हा तक्ता नसेल तर पुढच्या अधिवेशनात तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

विधान परिषदेची यादी सोडू नये. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांच्या आहेत. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ अनेक जिल्ह्यांवर पसरलेले असतात, म्हणून तिथले प्रश्न अनेकदा एका गावापुरते न राहता विभागभर जातात. एकच विषय दोन्ही सभागृहांत आला असेल तर दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. मधल्या दिवसांत आकडा बदलला असेल, तर कोणत्या तारखेचा आकडा दिला आहे तिथे बोट ठेवता येते.

आता उत्तर वाचण्याचे काम. इथे घाई केली की यादीचा निम्मा उपयोग वाया जातो.

प्रश्नाचे उपभाग ठरावीक घाटाचे असतात. पहिल्या उपभागात एखादी परिस्थिती सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात. मग ‘असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले’, पुढे ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरेही क्रमांकाने येतात. ‘होय, हे खरे आहे’ हे उत्तर मिळाले तर पुढच्या प्रत्येक उपभागाला विभागाला काहीतरी ठोस सांगावे लागते. ‘हे अंशतः खरे आहे’ हे त्याहून उपयोगी ठरू शकते, कारण कोणता अंश खरा आणि कोणता नाही हे विभाग बहुतेक वेळा आकड्यांसह लिहितो. ‘हे खरे नाही’ आणि त्यापुढे एकदम ‘(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही’ असे आले, तर दोन शक्यता असतात : एक तर तक्रार खरोखर चुकीची होती, किंवा प्रश्नात एखादा तपशील चुकला आणि विभागाने त्या तपशिलाचा नकार दिला.

ही दुसरी शक्यता मागासलेल्या भागांच्या प्रश्नांत वारंवार दिसते. समजा, प्रश्नात ‘१२ पैकी ९ पदे रिक्त’ असे लिहिले आणि प्रत्यक्षात ८ रिक्त आहेत. विभाग ‘हे खरे नाही’ म्हणायला मोकळा. म्हणून नकारावर न थांबता त्यानंतरचे वाक्य वाचावे. ‘१२ पैकी ४ पदे भरलेली असून रुग्णसेवा सुरळीत सुरू आहे’ असे त्यात असेल, तर नकाराच्या आड सरकारने ८ पदे रिक्त असल्याची कबुली दिली आहे. तो आकडा तक्त्यात घ्यावा.

पदांच्या उत्तरांत आणखी एक जागा तपासावी लागते. ‘भरलेली पदे’ या रकान्यात कंत्राटी माणसे, दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर पाठवलेला डॉक्टर, दीर्घ रजेवरचा कर्मचारी, हे सगळे मोजले जाऊ शकतात. पगार गडचिरोलीतल्या पदावर आणि काम दुसऱ्या जिल्ह्यात, अशी व्यवस्था ‘भरलेले पद’ म्हणूनच कागदावर दिसते. ‘मंजूर’, ‘भरलेली’ आणि ‘प्रत्यक्ष कार्यरत’ असे तीन रकाने वेगळे मागितले तरच खरे चित्र मिळते. उत्तरात तिसरा रकाना नसेल तर तो मुद्दाम विचारावा लागेल अशी खूण करून ठेवावी.

सिंचनाच्या उत्तरांत प्रकल्पीय सिंचन क्षमता, निर्मित सिंचन क्षमता आणि प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कागदावरची, दुसरी धरण आणि कालवे बांधून तयार झालेली, तिसरी शेतात खरोखर पाणी पोचलेली. उत्तर निर्मित क्षमतेचे देऊन थांबले तर वितरिका आणि चाऱ्या अपुऱ्या असल्याचे त्यातून कळत नाही. खर्चाच्या बाबतीत मूळ प्रशासकीय मान्यतेची किंमत, सुधारित प्रशासकीय मान्यतेची किंमत, आजवरचा खर्च, उर्वरित किंमत आणि चालू वर्षाची तरतूद हे पाच आकडे हवेत. ते मिळाले की एक साधा भागाकार करावा : उर्वरित किंमत भागिले यंदाची तरतूद. समजा ४०० कोटी उरले आणि यंदा २० कोटी ठेवले, तर भाववाढ धरली नाही तरी काम संपायला २० वर्षे लागतील. ‘काम प्रगतिपथावर आहे’ या उत्तराचा अर्थ त्या भागाकारातून कळतो.

निधीच्या शब्दांतही असाच घोळ होतो. अर्थसंकल्पात तरतूद होते, वित्त विभाग त्यातला काही भाग वितरित करतो, त्यातला काही खर्च होतो. उत्तरात ‘निधी उपलब्ध करून देण्यात आला आहे’ असे असेल तर तो या तिन्हींपैकी कोणता, हे पाहावे. वित्त विभागाच्या बीम्स या ऑनलाइन प्रणालीवर लेखाशीर्षानुसार (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या बाबीच्या क्रमांकानुसार) तरतूद आणि वितरण पाहता येते. उत्तरात लेखाशीर्ष दिले असेल तर ताळा तिथेच घ्यावा.

‘बाब विचाराधीन आहे’ आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ ही उत्तरे सरसकट पोकळ नसतात. प्रस्ताव कुठे थांबला आहे हे त्यांच्या आजूबाजूच्या शब्दांवरून कळते. ‘क्षेत्रीय कार्यालयाकडून प्रस्ताव मागविण्यात आला आहे’ म्हणजे मंत्रालयात अजून कागदच नाही. ‘प्रस्तावातील त्रुटींची पूर्तता करण्याबाबत कळविले आहे’ म्हणजे कागद परत जिल्ह्यात गेला. ‘वित्त विभागाच्या सहमतीने’ म्हणजे खात्याने होकार दिला आणि पैशावर अडले. जिल्हाधिकाऱ्याकडे जायचे, अधीक्षक अभियंत्याकडे जायचे की पालकमंत्र्यांकडे, हे या एका वाक्यावरून ठरते. यादीची ही बाजू आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते : अडलेला कागद कोणत्या टेबलावर आहे, हे नागरिकाला एरवी कोणी लेखी सांगत नाही.

सरासरीपासून मात्र सावध राहावे. प्रश्न एका जिल्ह्याचा आणि उत्तर ‘राज्यात एकूण’ असे असेल, तर त्या जिल्ह्याविषयी काहीच सांगितलेले नसते. राज्यात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत. विदर्भात ११ जिल्हे, मराठवाड्यात ८. मुंबई, पुणे, ठाण्याचे आकडे एकत्र मिसळले की राज्याची सरासरी वर चढते आणि मेळघाट किंवा नंदुरबारचा आकडा तिच्याखाली दिसेनासा होतो. जिल्ह्याच्या सरासरीतही तेच होते. पालघर जिल्ह्यात वसई आणि मोखाडा एकाच बेरजेत येतात. केळकर समितीने तालुका हा घटक धरण्याची भूमिका घेतली, ती याच कारणाने महत्त्वाची आहे.

ही यादी कितपत कामाची निघेल हे शेवटी प्रश्न कसा लिहिला त्यावर ठरते. बहुतेक आमदारांचे प्रश्न स्थानिक कार्यकर्ते, पत्रकार, संस्था यांनी दिलेल्या कागदावरून तयार होतात. कागद देणाऱ्याने काळजी घेतली तर उत्तर सुधारते.

पहिली चूक विभागाची होते. चुकीच्या विभागाला गेलेला प्रश्न हस्तांतरित होण्यात वेळ जातो आणि कधी अधिवेशन संपते. रुग्णालयाचा प्रश्न घ्या : प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यांचा विभाग सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाकडे, महानगरपालिकेचे नगरविकासाकडे. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर शालेय शिक्षण, शासकीय आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास. रस्ता राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम, ग्रामीण मार्ग असेल तर ग्रामविकास. राष्ट्रीय महामार्गाचा मूळ विषय केंद्राचा, त्यासाठी खासदार गाठावा. बंधारा किंवा तलाव ६०० हेक्टरपर्यंतच्या सिंचन क्षमतेचा असेल तर मृद व जलसंधारण, त्यावरचा असेल तर जलसंपदा. रस्त्याच्या कडेचा मार्ग क्रमांक आणि तलावाची सिंचन क्षमता आधी पाहून घेतली की ही चूक टळते.

दुसरी चूक एका प्रश्नात पाच विषय घालण्याची. प्रश्न एका विषयापुरता, अलीकडच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीविषयी असावा लागतो. त्यात युक्तिवाद, टोमणा, आरोपवजा विशेषण किंवा मत विचारणे चालत नाही. न्यायालयात चाललेले प्रकरण टाळावे लागते. ‘अक्षम्य दुर्लक्ष’ किंवा ‘सापत्न वागणूक’ लिहून प्रश्नाचे बळ वाढत नाही, उलट तो नाकारला जाण्याची शक्यता वाढते. भागाचा राग खरा असला तरी तो आकड्यात उतरवावा.

तिसरी चूक तारखेची. ‘दिनांक १० जून रोजी निदर्शनास आले’ असे लिहिले आणि कागदावर ११ जून असेल, तर ‘हे खरे नाही’ यायला वाट मोकळी होते. म्हणूनच मुरलेले लोक ‘माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान’ असे लिहितात. संख्येलाही हीच युक्ती लावावी : ‘९ पदे’ ऐवजी ‘बहुतांश पदे’ आणि पुढच्या उपभागात नेमकी संख्या मागावी.

एक नमुना पाहा. ‘(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांची बहुतांश पदे मागील आर्थिक वर्षात वा त्यादरम्यान रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त रुग्णालयातील संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व प्रत्यक्ष कार्यरत पदे किती आहेत, (३) प्रतिनियुक्तीवर अन्यत्र कार्यरत अधिकारी व कर्मचाऱ्यांची संख्या व प्रतिनियुक्तीचा कालावधी काय आहे, (४) असल्यास, रिक्त पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली व ती कोणत्या कालावधीत पूर्ण होणार आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ इथे दुसरा उपभाग पहिल्याच्या होकारावर थोडा टेकलेला आहे. आणखी पक्के करायचे तर दुसऱ्यातले ‘असल्यास’ काढून टाकावे. मग पहिल्याला नकार आला तरी संख्या सांगणे टाळता येत नाही. चौथ्यातला कालावधी सर्वांत महत्त्वाचा, कारण तो दिला की पुढच्या अधिवेशनात धरता येतो.

प्रश्नोत्तराच्या तासाविषयी अपेक्षा नेमकी ठेवावी. बैठकीचा पहिला तास त्यासाठी असतो. छापलेल्या यादीतले मोजकेच प्रश्न त्यात तोंडी होतात, उरलेल्यांचे लेखी उत्तर तेवढे राहते. तोंडी आलेल्या प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतात आणि खरी कसोटी तिथे असते. लेखी उत्तर विभागाने तयार केलेले असते. उपप्रश्नाला मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. तयारीचा आमदार छापील उत्तरातलाच आकडा उचलून विचारतो : ‘आपण ४ पदे भरली म्हणता, त्यातले कितीजण आज तालुक्यात आहेत?’ तयारी नसलेला स्वतःच्या मतदारसंघातला वेगळाच विषय काढतो आणि मूळ प्रश्नाची वेळ जाते. उत्तर अपुरे वाटले तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, तेव्हा विभागाला पुन्हा तयारी करून यावे लागते. प्रादेशिक विषयासाठी याहून चांगला निकाल क्वचितच मिळतो. गोंधळात तास वाहून गेला तर नुकसान सर्वांत जास्त लांबच्या तालुक्यांचे होते, कारण त्यांचा विषय सभागृहात यायला हीच एक वाट असते. ज्या अधिवेशनात तास नीट चालतो, त्याचे श्रेय सर्व बाजूंच्या सदस्यांना मनापासून द्यावे.

लक्षात ठेवायची बाब : उपप्रश्नांची उत्तरे छापील यादीत नसतात. मंत्र्यांनी तोंडी दिलेली मुदत किंवा चौकशीची घोषणा सभागृहाच्या कार्यवाहीत सापडते. कार्यवाहीच्या अंतिम प्रतीआधी निघणारी प्रत असुधारित असते, ती अंतिम समजून उद्धृत करू नये.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची यादी वेगळी ठेवून वाचावी. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले, त्यामागे विदर्भाचे प्रश्न तिथेच ऐकले जावेत हा हेतू होता. तिथल्या याद्यांत विदर्भाचे प्रश्न किती आणि त्यातले तोंडी झाले किती, ही मोजणी कोणीही दोन संध्याकाळींत करू शकतो. कराराला सरकार किती जागते हे त्यातून भाषणांपेक्षा स्पष्ट दिसते.

संसदेच्या सेवेशी तुलना केली की विधानमंडळाची उणीव नेमकी कळते. संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर प्रश्न एकेकटा शोधता येतो : सभागृह, अधिवेशन, मंत्रालय, सदस्य, दिनांक, विषय, तारांकित की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा), अशा चाळण्या लावता येतात आणि प्रत्येक उत्तराची स्वतंत्र फाईल मिळते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, राज्यसभेत १५ आणि १६० प्रश्न यादीत असतात. लोकसभेत सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, आणि एका सदस्याचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न येऊ शकतो. प्रदेशाच्या अभ्यासकासाठी तिथला खरा खजिना अतारांकित उत्तरांची परिशिष्टे आहेत. उत्तर दोन परिच्छेदांचे आणि मागे चार पानी तक्ता, असे अनेकदा असते. त्या तक्त्यांत महाराष्ट्र ही एकच ओळ असू शकते. खासदाराला कागद देताना ‘राज्यनिहाय’ न लिहिता ‘महाराष्ट्रातील जिल्हानिहाय’ असे लिहून द्यावे. आणि जी माहिती राज्य सरकारकडे असते तिला केंद्र ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढेच उत्तर देऊ शकते, म्हणून केंद्र पुरस्कृत योजनेचे नाव घेऊन विचारलेला प्रश्न जास्त फळ देतो.

आश्वासनांच्या बाबतीतही संसदेची पद्धत शिस्तीची आहे. ‘बाब विचाराधीन आहे’ यासारखी वाक्येही तिथे आश्वासन म्हणून धरली जाऊ शकतात आणि ती तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. लोकसभेची १५ सदस्यांची समिती त्यावर लक्ष ठेवते. महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे, पण सामान्य वाचकाला आपल्या तालुक्याविषयीचे आश्वासन यादीतून सरळ तिथपर्यंत माग काढत नेता येत नाही.

मग पाठपुरावा कसा करावा? उत्तर अपुरे असेल तर आमदार अर्धा तास चर्चेची मागणी करू शकतो. विधानसभेत ती नियम ९४ खाली आणि परिषदेत नियम ९२ खाली होते. उत्तरातूनच निघणाऱ्या मुद्द्यावर ती असते, म्हणून मूळ प्रश्नाचा क्रमांक आणि दिनांक सोबत द्यावा. विषय तातडीचा झाला असेल तर लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५ आणि परिषदेत नियम १०१. पैशाचा विषय असेल तर पुरवणी मागण्यांवर बोलायला लावावे. नागरिकाला स्वतः करता येण्यासारखे काम माहिती अधिकाराचे : उत्तरात ‘चौकशी अहवाल प्राप्त झाला आहे’ असे वाचले की त्या अहवालाची प्रत मागावी. राज्यात अर्जाला १० रुपये शुल्क, एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. अर्जात प्रश्न क्रमांक, सभागृह आणि उत्तराचा दिनांक लिहिला की ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असे सांगणे अवघड होते, कारण ती असल्याचे मंत्र्यांनीच सभागृहाला सांगितलेले असते.

ज्यांना आपल्या भागाविषयी नेमके बोलायचे आहे अशा पत्रकारांना, ग्रामपंचायत सदस्यांना, आरोग्य आणि पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ही सेवा आम्ही निःसंकोच सुचवतो. घाईत एका आकड्याची गरज असेल तर ती दमवेल.

विधानमंडळ सचिवालयाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक प्रश्नाची स्वतंत्र, अक्षरशोध होईल अशी फाईल द्यावी आणि तिला जिल्हा व तालुक्याची खूण लावावी. जिथे पाचपेक्षा जास्त आकडे आहेत तिथला तक्ता गणनपत्रक (स्प्रेडशीट) स्वरूपातही ठेवावा. आणि ज्या उत्तरात मुदत दिली आहे, त्याच्याखाली मुदत संपल्यावर काय झाले ते त्याच प्रश्न क्रमांकावर लिहावे, म्हणजे पुढच्या आमदाराला आणि वाचकाला पहिल्या उपभागापासून पुन्हा विचारत बसावे लागणार नाही.